दोन आवाजांची गाठ

अटारीच्या जुन्या गेम-यंत्रात ‘टीआयए’ नावाची एक चिप असते, चाळीस पिनांची. तिच्या १२ आणि १३ क्रमांकाच्या पिनांतून आवाज बाहेर पडतो. चिपच्या पोटात दोन आवाज अगदी स्वतंत्रपणे तयार होतात. प्रत्येकाला स्वतःची पट्टी, स्वतःचा पोत आणि शून्य ते पंधरा अशी स्वतःची पातळी. पण चिपमधून बाहेर पडल्या पडल्या बोर्डावरची तांब्याची रेघ दोघांना एकत्र बांधते आणि टीव्हीपर्यंत पोचतो तो एकच आवाज.

मी ती गाठ सोडवते. निवृत्तीनंतरचा माझा उद्योग हाच आहे. आयुष्यभर चिपांची चाचणी घेण्याची नोकरी केली, तीही सनीव्हेलमध्ये राहून. अटारीचं मुख्यालय याच गावात होतं आणि १९७७ सालची पहिली यंत्रं इथेच तयार झाली. पुढे लाकडी नक्षीची पट्टी, वर सहा खटके, तळाला जाडजूड प्लास्टिक. असलं यंत्र अजूनही इथल्या एखाद्या गॅरेजमधून निघतं आणि फिरत फिरत माझ्या टेबलावर येतं. आणणाऱ्याची मागणी बहुतेक वेळा ठरलेली असते : चित्र स्वच्छ हवं आणि आवाज दोन कानांत वेगळा हवा.

काम अवघड नाही. टीआयए बहुधा सॉकेटमध्ये बसवलेली असते. ती अलगद काढायची, आवाजाच्या दोन पिना किंचित वर वाकवायच्या म्हणजे त्या सॉकेटात उतरत नाहीत आणि बोर्डावरच्या रेघेला शिवत नाहीत. मग दोन्ही पिनांना आपापला पुल-अप रेझिस्टर, आपापला कपॅसिटर आणि मागच्या बाजूला डावं-उजवं अशी दोन सॉकेटं. चार-सहा डाग दिले की झालं.

माझ्या एका मैत्रिणीचा मुलगा असंच यंत्र घेऊन आला होता. हेडफोन लावून त्यानं थोडा वेळ ऐकलं, मग एक कान मोकळा करून विचारलं, “मावशी, हा स्टिरिओ आत आधीपासून होता, की तू घातलास?”

त्याला तो तांत्रिक प्रश्न वाटला. मला मात्र वाईचं आमचं घर आठवलं. अण्णा संस्कृत शिकवायचे आणि त्यांच्याकडे येणारी मुलं ओसरीवर बसून नेमक्या याच प्रश्नावर आवाज चढवायची. कार्य कारणात आधीपासून असतं की नव्यानं उपजतं? असतं म्हणणारे सांख्य, नसतं म्हणणारे नैयायिक. दोन्ही पक्ष अण्णा स्वतःच मांडायचे आणि कोणत्या पक्षाचे आहेत ते कळू द्यायचे नाहीत.

सांख्यांचा पक्ष ईश्वरकृष्णानं ‘सांख्यकारिके’त पाच कारणं देऊन मांडला आहे. सोपा करून सांगायचा तर असा : जे मुळातच नाही ते कितीही खटपट केली तरी निर्माण होत नाही. प्रत्येक गोष्टीसाठी ठरावीकच साहित्य लागतं. वाटेल त्यातून वाटेल ते निघत नाही. ज्यात जी शक्ती आहे त्यातून तेच होतं. आणि कार्याचं स्वरूप कारणाहून वेगळं नसतं. तेल हवं तर तीळ घ्यावे लागतात, वाळू घेऊन चालत नाही, कारण तेल तिळात आहे आणि वाळूत नाही. करणारा ते उत्पन्न करत नाही, फक्त प्रकट करतो.

टीआयएच्या बाबतीत हा पक्ष फारच बळकट आहे. १९७६ साली जनरल इन्स्ट्रुमेंटची एवाय-३-८५०० नावाची चिप आली. पाँगसारखे टोलवाटोलवीचे खेळ घरोघरी पोचले ते तिच्यामुळे. तिला आवाजाची पिन एकच. तिच्यातून खरा स्टिरिओ काढायला ब्रह्मदेव आला तरी हात हलवत परत जाईल. फार तर तोच आवाज दोन तारांत वाटता येईल. ती वाळू. टीआयए हे तीळ.

शिवाय पुरावा नुसता चिपमध्येच आहे असं नाही, कवचातही आहे. पहिल्या पिढीच्या यंत्राचं वरचं झाकण उलटं करून पाहिलं तर आतल्या बाजूला दोन स्पीकर बसवण्याच्या जागा साच्यातच घडवलेल्या दिसतात. यंत्राचे स्वतःचे दोन स्पीकर असावेत असा मूळ बेत होता. तो रद्द झाला आणि आवाज टीव्हीतून काढायचं ठरलं. टीव्हीला कान एकच. अमेरिकेत टीव्हीच्या स्टिरिओ प्रसारणाला मान्यता मिळाली तीच मुळी १९८४ मध्ये. दोन पिना बांधल्या गेल्या, पण कवचाचा साचा तसाच राहिला. जे मायनरच्या देखरेखीखाली ही चिप घडली. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी दोन आवाज वेगळे योजले होते हे प्लास्टिक अजून सांगतं आहे.

याहूनही नेमकी गोष्ट पतंजलीच्या ‘योगसूत्रां’त आहे, कैवल्यपादाच्या अगदी सुरुवातीला. निमित्त प्रकृतीला ढकलत नाही, ते फक्त आड आलेलं दूर करतं, शेतकरी करतो तसं. भाष्यकार हे उलगडून सांगतात. एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात न्यायचं तर शेतकरी ते ओंजळीनं वाहून नेत नाही. तो बांध फोडतो, पाणी आपलं आपण जातं. माझ्या काकांची वाईजवळ हळद होती. पाटाचं पाणी आलं की ते फावडं घेऊन दारं धरायला उभे राहायचे. एक दार मोडायचं, दुसरं मातीनं बुजवायचं. हळद मी वाढवतो असं ते कधीच म्हणाले नाहीत. ‘पाणी पाजलं’ म्हणायचे, तेवढंच. पिना वाकवताना माझ्या मनात हीच आकृती असते. आवाज माझा नाही, मी फक्त दार मोडलं.

हे उत्तर सुखाचं आहे आणि म्हणूनच ते तपासून घ्यायला हवं. फेरफार करणाऱ्यांना ते फार आवडतं, कारण त्यात करणारा निर्दोष सुटतो. वस्तूत जे होतं तेच बाहेर आलं, मग माझ्याकडे जाब कसला?

इथे नैयायिक उठून उभा राहतो. त्याचा पहिला प्रश्न जुनाच आहे : कार्य आधीच होतं तर तुझ्या खटपटीची गरज काय? सांख्य म्हणतो, ते अव्यक्त होतं, खटपट व्यक्त करण्यापुरती. नैयायिक लगेच विचारतो, हे व्यक्त होणं तरी आधी होतं का? होतं तर खटपट फुकट. नव्हतं तर निदान एक गोष्ट नव्यानं उपजली, हे तू कबूल केलंस. अण्णांच्या ओसरीवर हा डाव टाकणारा मुलगा त्या दिवसापुरता जिंकायचा.

माझ्या टेबलावर हा आक्षेप नुसता शब्दांचा राहत नाही. कोलेकोव्हिजन या १९८२ सालच्या यंत्रातली आवाजाची चिप चार आवाज काढते, तीन सुरांचे आणि एक खरखरीचा. पण ते चारही सिलिकॉनच्या आतच मिसळले जातात आणि एकाच पिनेतून बाहेर येतात. आत वेगळे आहेत का? आहेत. पण त्यांची गाठ बोर्डावर नसून चिपच्या पोटात आहे आणि तिथे माझं सोल्डरिंग आयर्न पोचत नाही. म्हणजे ‘आत आहे’ एवढं म्हणून काहीच हाती लागत नाही. गाठ कुठे पडली आहे, यावर सगळं अवलंबून आहे.

नैयायिकाचा दुसरा मुद्दा अधिक खोल आहे. त्याच्या मते अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, ही तिच्या अवयवांच्या बेरजेहून वेगळी असते. तंतू एकत्र विणले की पट नावाची नवी वस्तू जन्माला येते. सुटे करत गेलात तर तंतू उरतील, पट नाहीसा होईल. टीआयएचे दोन आवाज एका तारेवर बांधले की ते एकमेकांना थोडे दाबतात. पातळी साध्या बेरजेनं वाढत नाही. दोन्ही आवाज जोरात असताना जे ऐकू येतं ते या एका तारेनं घडवलेलं असतं, दोघांतल्या कुणा एकाचं ते नसतं. यंत्राची हुबेहूब नक्कल करणारी सॉफ्टवेअरं लिहिणाऱ्यांना हे दाबणंसुद्धा हिशेबात घ्यावं लागतं. मी पिना वेगळ्या केल्या की दोन्ही आवाज अधिक शुद्ध होतात आणि तो तिसरा आवाज जातो. १९७७ पासून लोकांनी घराघरांत ऐकला होता तो तिसराच.

आणि खेळ लिहिणाऱ्यांनी लिहिलं तेही त्याच्यासाठी. डेव्हिड क्रेननं १९८४ साली ‘पिटफॉल २’साठी कार्ट्रिजमध्येच एक खास चिप बसवली. टीआयएला जमलं नसतं असं अनेक पदरी संगीत त्या चिपनं तयार केलं. पण ते बाहेर पडतं टीआयएच्या एकाच वाहिनीतून. पडद्यावरच्या प्रत्येक ओळीला त्या वाहिनीची पातळी बदलत राहायची, ही त्याची युक्ती. गाठ बांधलेली असताना या युक्तीत काहीच उणं नव्हतं. मी गाठ सोडवली की एवढं सगळं संगीत एकाच कानात शिरतं. क्षमता चिपमध्ये होती हे खरं, पण कार्ट्रिजमध्ये स्टिरिओ नव्हता. तिळात तेल असेल, म्हणून प्रत्येक पदार्थात तेल घालायचं नसतं.

गंमत म्हणजे चित्राच्या बाबतीत माझं मन असं अडखळत नाही. हा फरक नीट पाहण्यासारखा आहे, कारण वरवर पाहता तिथेही मी हेच करते. टीआयए तीन पिनांतून उजेडाची पातळी देते, एकीतून रंग आणि एकीतून सिंक. उजेडाच्या आठ पातळ्या आणि सोळा छटा मिळून १२८ रंग होतात. यंत्रातला मॉड्युलेटर हे सगळं आवाजासकट कालवतो आणि एखाद्या चिमुकल्या प्रसारण केंद्रासारखं चॅनल २ किंवा ३ वर पाठवून देतो. टीव्ही ते पकडून पुन्हा उजेड वेगळा करतो, रंग वेगळा करतो. या जाण्यायेण्यात रंग कडांबाहेर ओघळतात, जाळीदार खरखर येते. मी मॉड्युलेटर बाजूला ठेवते, साध्या ४०५० बफर चिपमधून उजेडाच्या रेघा घेते आणि एस-व्हिडिओच्या दोन तारांतून उजेड आणि रंग वेगवेगळे नेते. जे पोचल्यावर वेगळं करायचंच होतं ते आधी कालवलंच नाही, एवढाच बदल.

चित्रातली गाठ प्रवासापुरती होती. टीव्ही ती सोडवणार हे यंत्र घडवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. आवाजातली गाठ मात्र प्रवासाची नव्हती, तिथे प्रवास संपत होता. बांधलेले दोन आवाज पुढे कुणी वेगळे करणार नव्हतं. पहिली गाठ खरोखर आड आलेली होती, दुसरीनं रूप दिलं होतं. तांब्याकडे पाहून हा फरक कळत नाही, दोन्ही ठिकाणी धातूच जोडलेला दिसतो. तो कळण्यासाठी ती जोडणी कशासाठी केली होती ते विचारावं लागतं.

चित्राचाही हिशेब अगदी चोख नाही, हे सांगायला हवं. १९८२ सालच्या ‘पॅक-मॅन’मध्ये चार भुतं एकाच वेळी काढणं यंत्राला झेपत नव्हतं, म्हणून ती पाळीपाळीनं काढली जातात. त्यामुळे भुतं लुकलुकतात. स्वच्छ चित्रात ही लुकलुक अधिक बोचते. काही खेळांत डाव्या कडेला काळ्या रेघांचा कंगवा उमटतो. आकृती आडवी सरकवण्याच्या आज्ञेचा तो दुष्परिणाम. अॅक्टिव्हिजन या खेळ-कंपनीचे लोक ती आज्ञा प्रत्येक ओळीला देत, म्हणजे कंगव्याऐवजी सलग काळी पट्टी यावी. धूसरपणानं जे झाकलं होतं ते मी उघडं करते. पण ते उघडं करताना कुणाचा बेत मोडत नाही, फक्त त्यातली काटकसर दिसते. मला ती पाहायला आवडते.

तर प्रश्न कारणाचा कमी आणि प्रयोजनाचा जास्त आहे. आणि सांख्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांची प्रकृती उगाच उलगडत नाही, ती पुरुषासाठी उलगडते. यासाठी कारिका दुधाचा दाखला देते : दूध अचेतन आहे, तरी वासराच्या पोषणासाठी ते आपोआप स्रवतं. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात हा दाखला धरला आणि विचारलं, आपोआप कुठे? गाय चेतन आहे, तिची माया आहे, म्हणून पान्हा फुटतो. आणि दुधाशेजारीच त्यांनी पाणीही घेतलं. पाणी आपोआप वाहतं म्हणता, पण तेही उतारावर अवलंबून आहे.

हे वाचलं की काकांचं दार धरणं मला वेगळं दिसू लागतं. पाणी आपलं आपण जात होतं हे खरंच आहे. पण कोणतं दार आधी मोडायचं आणि कोणता वाफा कोरडा ठेवायचा, ते फावडं हातात असलेला माणूस ठरवत होता. बांध म्हणजे नुसता अडसर, असं पाणी म्हणू शकेल. ज्या वाफ्यात पाणी थांबायला हवं होतं त्या वाफ्यातली हळद तसं म्हणणार नाही. एखाद्या गोष्टीला ‘आड आलेलं’ म्हणणं हाच एक निर्णय आहे आणि तो वस्तूत सापडत नाही. याचा सोयीस्कर विसर पडला की फेरफार करणारा माणूस ‘मी फक्त मोकळं केलं’ असं म्हणून हात झटकतो.

जे मायनरचंच दुसरं यंत्र इथे साक्षीला घेता येतं. १९८५ सालच्या अमिगामध्ये आवाजाच्या चार वाहिन्या आहेत, दोन पक्क्या डावीकडे आणि दोन पक्क्या उजवीकडे. म्हणजे अटारीत जे राहून गेलं ते तिथे पूर्ण झालं. आणि अमिगावाले काय करतात? हेडफोनवर ही फारकत कानाला टोचते म्हणून डावं-उजवं रेझिस्टर टाकून थोडं मिसळून घेतात. एका यंत्रात गाठ आड येते, दुसऱ्यात गाठ नसणं. आपण ऐकतो कसं, कुणाबरोबर आणि कुठे बसून, यावर ते ठरतं.

‘कॉम्बॅट’ हा खेळ या बाबतीत मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. १९७७ साली यंत्राबरोबरच तो मिळायचा. दोन रणगाडे, दोन खेळाडू. एकट्यानं खेळायची सोयच नाही. त्यात पहिल्या रणगाड्याचा आवाज पहिल्या वाहिनीतून येतो आणि दुसऱ्याचा दुसऱ्यातून. गाठ सोडवली की डावीकडे एकाची घरघर, उजवीकडे दुसऱ्याची. रणगाडा पडद्यावर दुसऱ्या बाजूला गेला तरी त्याचा आवाज आपली बाजू सोडत नाही. आवाज जागेचा नसून खेळणाऱ्याचा आहे. टीव्हीच्या दोन्ही अंगांना दोन स्पीकर ठेवून दोन माणसं शेजारी शेजारी बसली तर प्रत्येकाला आपला रणगाडा आपल्या बाजूनं ऐकू येतो. इथे स्टिरिओ बाहेरून लादल्यासारखा वाटत नाही. पण तोच खेळ एकट्यानं हेडफोन लावून ऐकला, तर ज्या दोन माणसांसाठी दोन आवाज वेगळे ठेवले होते त्यांतलं एक तिथे नसतंच.

मैत्रिणीच्या मुलाला मी जे सांगितलं ते थोडक्यात असं. दोन आवाज आत होते, त्यात माझं काही नाही. स्टिरिओ आत नव्हता. दोन आवाजांचा स्टिरिओ होतो तो कुणीतरी दोन कानांसाठी ते मांडतो तेव्हा, आणि इथे मांडणारी मी आहे. म्हणून मी रेघ कापत नाही, पिन वाकवते. वाकवलेली पिन सरळ करता येते. मागच्या बाजूला एक छोटा खटकाही बसवते : एकीकडे वेगळे आवाज, दुसरीकडे बांधलेले. ‘पिटफॉल २’ लावायचा असेल तर खटका बांधलेल्याकडे, ‘कॉम्बॅट’साठी दोघं बसणार असाल तर सुट्याकडे.

“म्हणजे तू ठरवलंच नाहीस,” तो म्हणाला.

ठरवलं की. खटका बसवायचा, हे ठरवलं. शिवाय झाकणाच्या आतल्या बाजूला, स्पीकरच्या त्या रिकाम्या जागांजवळ, मी काय सोडवलं, कोणत्या पिना उचलल्या आणि कोणत्या साली ते मार्करनं लिहिते, खाली माझी सही. अण्णांच्या ओसरीवरचा वाद मला मिटवता आलेला नाही आणि मिटवायची घाईही नाही. पण सांख्य जिंकले काय किंवा नैयायिक जिंकले काय, दार मोडणाऱ्याला ‘पाणी आपोआप गेलं’ असं म्हणायची मुभा दोघांपैकी कुणीच देत नाही, अशी माझी खात्री झाली आहे. ते मोडायचं ठरवलं कुणी, हे पुढच्या माणसाला कळायला हवं. त्याला गाठ पुन्हा बांधावीशी वाटली तर त्याचं कारण माझ्याहून चांगलं असू शकेल.